जाहिरातीतली बाई

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही. सावित्रीमावशीचे त्रिंबककाका हे स्वतः तुझ्या हातात देतील, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तू चौथी शिकलेली आहेस. सावकाश वाच, पण एकटी असताना वाच. फोनवर हे बोलता आलं नसतं, कारण तुझा फोन म्हणजे सगळ्या अंगणाचा फोन. बंकटकाका नाहीतर काकू जवळ असली की तू म्हणतेस, "बरी हाईस का बाय? सावित्रीला सांग, मी इचारलं म्हणून," आणि ठेवून देतेस, जशी काही मी खरोखरच मावशीची लेक आणि तुझी भाची. मला त्याचा इतका राग यायचा की फोन ठेवल्यावर मी मावशीशी उगाच भांडायचे. आता तो राग कुठं नेऊन टाकू ते कळेना, म्हणून लिहायला बसलेय.

आधी बातमी सांगते. मी हैदराबादच्या एका विद्यापीठात एलएलएमसाठी अर्ज केला होता. वकिलीच्या पुढचं एक वर्षाचं शिक्षण असतं ते, आणि त्यात एक विषय निवडायचा असतो. मी निवडला प्रसारमाध्यमं आणि मनोरंजनाचा कायदा. हे घाटनांदूरला मावशीच्या घरी सांगितलं तेव्हा तू तिथं असायला हवी होतीस. त्रिंबककाकांनी चहाची बशी खाली ठेवली नि म्हणाले, "म्हंजे हिरोइनींच्या फारकती लावनार का काय तू?" मावशीचं एकच पालुपद, जज्जाची परीक्षा दे, गाडीतून फिरशील. मग मी त्यांना उत्तरेश्वरची गोष्ट सांगितली. बीडच्या कोर्टात मी ज्या वकीलसाहेबांच्या हाताखाली काम करते, त्यांच्याकडं हा हलगीवाला आला होता. कुठल्याशा वरातीत वाजवलेली त्याची हलगी कुणीतरी मोबाइलमध्ये भरून नेली आणि ती थेट सिनेमाच्या गाण्यात जाऊन बसली. त्याला पत्ता लागला तो भाच्याच्या फोनमधून. साहेब म्हणाले, यात दावा कसा लावायचा मला ठाऊक नाही. मला तरी कुठं ठाऊक होतं? माणसाचा आवाज, माणसाचं तोंड न विचारता कुणी उचलून नेलं तर ते परत कसं मागायचं, एवढं शिकावं म्हणून मी अर्ज केला.

मुलाखतीला मे महिन्यात गेले. समोर तिघं जण बसलेले, दोन पुरुष आणि एक बाई. खोली एसीनं गार केलेली, मी आपली घामानं ओली. सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मग त्या बाई म्हणाल्या, आता एक जाहिरात दाखवते, ती बघा आणि कायदा सांगा. भिंतीवरच्या पडद्यावर चित्र सुरू झालं. चारा छावणी. उसाच्या वाढ्याचे ढीग, दावणीला जनावरं. आई, तुझ्याआधी मी हरण्याला ओळखलं. एक शिंग मोडलेला आपला हरण्या बैल, तोंड हलवत उभा. मला आधी हसूच आलं, म्हटलं हा इथं हैदराबादला काय करतोय. आणि मग त्याच्या शेजारून तू आलीस.

तुझी ती हिरवी साडी, पदर कपाळापर्यंत. मागून कुणाचा तरी आवाज विचारतो, "बाई, लेकरंबाळं किती तुम्हाला?" आणि तू समोर बघत म्हणतेस, "लेकरू न्हाई मला. कोनीच न्हाई." खाली इंग्रजी अक्षरं येतात, रडकं संगीत वाढत जातं, आणि मग सगळ्या पडद्यावर एका विमा कंपनीचं नाव. ज्यांना कोणी नाही, त्यांना आम्ही आहोत, असं काहीसं. तुझं तोंड विरून जातं आणि एक सुखी म्हातारा-म्हातारी झोपाळ्यावर हसताना दिसतात.

मला वाटलं झालं. पण त्या बाईंना माझ्या अर्जावर महाराष्ट्र दिसला होता. त्यांनी चित्र मागं नेलं, तुझं ते वाक्य परत लावलं आणि मला विचारलं, ही भाषा तुम्हाला येते ना, खालचं भाषांतर बरोबर आहे का? त्यांचा काही दोष नाही, त्यांना कुठून ठाऊक असणार. मी मान हलवली. बरोबर आहे, म्हणाले. तिला मूल नाही असंच ती बाई म्हणतेय, असं मी माझ्या तोंडानं त्या तिघांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, या बाईला कायद्यानं काही हक्क आहे का? मी बोलले, बरंच बोलले. बातमीत दाखवणं वेगळं आणि तिच्या दुःखावर माल विकणं वेगळं, विकायचं तर तिची परवानगी हवी, असं काहीबाही. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. बाहेर येऊन पायरीवर बसले ती शिपायानं उठवेपर्यंत बसलेच.

आई, मला काय वाटलं ते तुला कळायला हवं. दुष्काळाच्या त्या साली मी तेरा वर्षांची. बापू गेल्याला दोन पावसाळे झालेले. तू मला घाटनांदूरच्या एसटीत बसवलंस आणि म्हणालीस, "पान्याचे लई हाल हायत माय, चार दिस मावशीकडं ऱ्हा." तू छावणीत बैलांपाशी राहिलीस. कारखान्याची छावणी, कारखान्याचा टँकर, आणि कारखान्याला ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारा मुकादम बापूचा भाऊ, बंकटकाका. चार दिवसांची शाळा झाली, शाळेचं कॉलेज झालं, तू न्यायला आली नाहीस. मावशीच्या लेकीच्या, मंदाच्या लग्नात तू भावकीबरोबर आलीस. पंगतीत मी बसलेली, तू वाढत होतीस. माझ्या पानावर बुंदी टाकून "घे बाय" म्हणालीस आणि पुढं गेलीस. मी ती बुंदी तशीच सोडून उठले. एकट्या बाईला पोरगी जड झाली असेल, दिली बहिणीला, इतकंच मी धरून चालले. आणि आता तर तू अख्ख्या देशाला सांगताना दिसलीस, की मी नाहीच.

हैदराबादहून मी बीडला गेलेच नाही, थेट घाटनांदूर गाठलं. मावशी तांदूळ निवडत बसली होती. तिच्यापुढं फोन धरला आणि ती जाहिरात शोधून लावली. तिनं बघितलं. सूप बाजूला सारलं आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मी ओरडले तिच्यावर. तिला काय काय बोलले, ते तिलाच विचार. ती डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या आईच्या मागं उभा हाय तो बघ की." मी परत लावलं. हरण्याच्या मागं, कडब्याच्या पेंढीला टेकून, बंकटकाका. मान पुढं काढून तुझा शब्द न शब्द ऐकणारा. तुझ्याकडं बघताना मला तो दिसलाच नव्हता.

मग मावशीनं सगळं सांगितलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे मला ठाऊक होतं. बापू गेल्यावर तू अर्धा कोयता झालीस, हेही. पण टोळीतल्या सटवाच्या बिनलग्नाच्या पोराला अर्धा कोयता कमी पडत होता, आणि बंकटकाकानं माझं लग्न त्याच्याशी लावायचं ठरवलं होतं, त्याच उन्हाळ्यात, दिवाळीनंतर कारखाना पेटून गाळप सुरू व्हायच्या आत टोळी पुरी व्हावी म्हणून, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. तेरा वर्षांची मी! सातवीत पहिली आलेली! तू नको म्हणून बघितलंस, पाया पडून बघितलंस. मग भावकी बसवली तेव्हा तू उभी राहून म्हणालीस, "पोरगी माझी न्हाईच आता. सावित्रीला दत्तक दिली. तिचं लगीन ठरवायचं तर सावित्रीच्या दारात जाऊन इचारा." आणि त्रिंबककाका असल्या लग्नाची खबर थेट पोलिसांत देणारे, त्यांच्या दारात जायची कुणाची छाती नव्हती. आठ दिवसांनी टीव्हीवाले बातमीसाठी छावणीत आले. बंकटकाकानंच तुला पुढं केलं, विधवा बाई आहे, चांगलं दिसेल म्हणून, आणि मागं उभा राहून ऐकत होता, तू काय सांगतेस ते. तू "एक लेक हाय" म्हणाली असतीस तर संध्याकाळी मला आणायला जीप निघाली असती.

तू तेवढ्यावरही थांबली नाहीस. शब्द दिला तो पाळलास. फोनवर भाची म्हणालीस, पंगतीत परकी झालीस. आणि मी मूर्ख, तिकडं बुंदी सोडून रुसत बसले. मला तुझ्या पाया पडावंसं वाटतं आणि त्याच वेळी तुला गदागदा हलवून विचारावंसंही वाटतं, की मला एकदा तरी कावून न्हाई सांगितलंस? अठरा वर्षांची झाल्यावर? वकील झाल्यावर? काकाला कळेल म्हणून भ्यालीस, की सवयच लागली तुला माझ्यावाचून राहायची?

आता एक गंमत ऐक, हसशील. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी दत्तकाचा कायदा शिकवला. ज्याच्या घरात आपली मुलगी आहे त्याला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. घेतली तरी ते दत्तक कायद्यानं होतच नाही. आणि मावशीला मंदा होतीच की! अख्खी भावकी बसली होती, मोठमोठे फेटे आणि टोप्या, एकालाही हे ठाऊक नव्हतं. मी त्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर बसून रडले होते, कुणाला दिसू न देता. मनात म्हटलं, आईला मी नको असेन, पण कायदा तरी मला तिचीच म्हणतो. कायद्याच्या पुस्तकावर माझा जीव जडला तो तिथून.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. माझी निवड झालीये. परवा त्या मुलाखतीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं, की ती जाहिरातीतली बाई माझी आई आहे. मग त्या म्हणाल्या, कंपनीला नोटीस पाठवू, मी तुझ्याबरोबर उभी राहते, ती जाहिरात थांबलीच पाहिजे. मी नोटीस लिहायला घेतलीये. भिवराबाई, धंदा ऊसतोड, राहणार दिंद्रूड, इथवर भराभर लिहिलं. पुढं लिहायचं होतं, की जाहिरातीत अशिलाला निराधार दाखवलं आहे ते खोटं आहे, त्यांना एक मुलगी आहे. तिथं माझा हात थांबला. हे वाक्य कागदावर गेलं की ते बंकटकाकाच्या कानावर जाणार, आणि तू भर भावकीत खोटं बोललीस हे सगळ्यांना कळणार. तुझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे. पाणी त्यांच्या बोअरचं. मी हैदराबादला असेन, ऐकून घ्यावं लागेल ते तुला. म्हणून हे वाक्य मी माझ्या मनानं लिहिणार नाही. तू नको म्हणालीस तर नोटीस फाडून टाकते, फोनवर भाची म्हणून बोलते आणि त्याचा राग कधी धरणार नाही, शपथ. पण हो म्हणालीस, तर गावातल्या म्हाळूच्या दुकानावरून मला फोन कर, आणि आई, भरल्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं माझं नाव घेऊन हाक मार.

तुझीच,
अयोध्या