माझी अब्रू आणि आंबेमोहराचा वास

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर (ज्वारीची भाकरी, दुधी, ताक. साक्षीदार : अंजना)

ती. चांगुणाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे दिनानाथचा, लांबूनच नमस्कार. लांबूनच अशासाठी, की जवळ आलो तर तू पाय मागे घेशील असं तुझा प्रमोद म्हणाला. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला कमी झाला का? काळी गाय व्यायली का? इकडे आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सर्व म्हणजे मी आणि अंजना. त्यांपैकी अंजना मजेत आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस. प्रमोदला कारण विचारलं तर तो बिचारा घुटमळत म्हणाला, "मामा, आई म्हणते खोटारड्याशी बोलायचं नाही." ताई, लहानपणी तुझी पाटी फोडून मी ती मांजराने पाडली असं सांगितलं होतं, तेव्हासुद्धा तू माझ्यासाठी एवढा कडक शब्द वापरला नव्हतास. (आताही प्रकरण मांजराचंच आहे, पण या वेळी मांजर खरं आहे. पुढे येईलच.) पत्राचं एक बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू चष्मा शोधून, लावून, वाचल्याशिवाय फाडणार नाहीस एवढं मला माहीत आहे.

मुळात सगळ्याचं मूळ तुझा तो हट्ट. गेल्या वर्षी माझी शुगर तपासून डॉक्टरांनी भात बंद म्हणून सांगितलं तेव्हा तू नेमकी आमच्याकडे आली होतीस, आणि दवाखान्याच्या जिन्यातच तू जाहीर केलंस, की दिन्याची शुगर ताळ्यावर येईपर्यंत मीही भाताला शिवणार नाही. मला वाटलं, रागाच्या भरात बोललीस, भोरला पोचेपर्यंत विसरशील. पण तू कसली विसरतेस! घराभोवती चहूकडे आंबेमोहराची खाचरं, लावणीला तू, कापणीला तू, आणि घरातली सगळी वाफाळता भात कालवत असताना तू भिंतीकडे तोंड करून नाचणीची भाकरी चावतेस असं प्रमोदने सांगितलं, तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला. खोटं कशाला सांगू, लाजही वाटली आणि आतून बरंही वाटलं. या वयात आपल्यासाठी कोण एवढं अडून बसतं? आणि म्हणूनच, ताई, अंजनाने तुला फोन करून 'हे चोरून भात खातात' असं सांगितलं आणि तू ते खरं मानलंस, हे मला शुगरपेक्षा जास्त लागलं. त्याची हकिगत आता नीट ऐक.

ही आमची इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी शेतं होती. बिल्डरने सगळं सपाट केलं, फक्त एक उंबराचं झाड ठेवलं, कारण ते तोडायला कुणी मजूर तयार होईना. मग त्याने जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलं. आम्हाला वाटलं, छापतात तसंच. त्या उंबराच्या फांद्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत येतात. तर दिवाळीनंतर एका संध्याकाळी, नुकते दिवे लागलेले, अंजना खाली भाजी आणायला गेली होती, आणि मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर काय सांगू! आंबेमोहर! नुसता नाही, नवा, रटरटता, झाकण नुकतंच काढलेला. ताई, तुझ्या चुलीपुढे उभा असल्यासारखं वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. माझी सगळी नोकरी एमआयडीसीत गेली. वारा कुठल्या बाजूचा आहे आणि कुठल्या कंपनीत आज काय शिजतंय हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगणारं हे नाक. ते असं फसेल हे शक्य नव्हतं. मी खिडकीशी उभा राहून, डोळे मिटून, नुसता हुंगत होतो, आणि त्याच अवस्थेत अंजनाने मला पाहिलं.

आता परिस्थितीजन्य पुरावा ऐक. दुपारी मी शेंगा उकडून खाल्ल्या होत्या (डॉक्टरांनी चालतील म्हटलंय) आणि संसारात पहिल्यांदाच, उगीच, प्रेमाने, कुकर स्वतः घासून ठेवला होता. तो ओट्यावर पालथा, पाणी ठिबकत. घरभर आंबेमोहराचा घमघमाट. आणि मी समाधानी चेहऱ्याने खिडकीत. अंजनाने पिशवी खाली ठेवली, कुकर उलटा करून आत पाहिलं, मग मला म्हणाली, "तोंड उघडा." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं तोंड असं हुंगायची वेळ तिच्यावर आली नव्हती. (दारूच्या बाबतीतही नाही.) शेंगांचा वास आला असणार, पण तिने तो जमेस धरला नाही.

त्यानंतर रोज तोच प्रकार. रोज दिवेलागणीला वास आणि रोज माझी झडती. डबे तपासले गेले, माळा तपासला गेला, माझ्या जुन्या टूलबॉक्समध्येही भात निघतो का ते पाहिलं. भरीला ओट्यावरच्या फण्यातली केळी कमी व्हायला लागली. केळीही मला बंद आहेत, त्यामुळे तीही माझ्याच खात्यावर पडली. मी म्हटलं, चला, साक्षीदारच उभा करतो. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये टहलराम म्हणून धान्याचे व्यापारी आहेत, आपलं सगळं वाणसामान त्यांच्याकडून. अंजनाला घेऊन थेट दुकानात गेलो आणि म्हटलं, "साईं, सांगा यांना, मी तुमच्याकडून तांदूळ नेला का?" ते भल्या मनाने म्हणाले, "अरे नहीं भाभी, कसम से नहीं! बेचारा सिर्फ आके बोरी में हाथ डालके, सूंघके चला जाता है." ताई, मी त्यांना मदतीला नेलं होतं.  घरी आल्या आल्या अंजनाने तुला फोन लावला.

मी पुरता खचलो होतो. त्यात आधार मिळाला तो शेजारच्या जिज्ञासाचा. शेजारच्या गोदूबाईंची ही सून बदलापूरला शाळेत विज्ञान शिकवते आणि संध्याकाळी आमच्याकडे चहाला आली की शाळेतलं उरलेलं ज्ञान आमच्यावर रिकामं करते. ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा एक गुबगुबीत प्राणी आहे, त्याच्या लेंड्या म्हणे चौकोनी असतात, खडीसाखरेसारख्या. (अंजनाने तेव्हापासून खडीसाखरेचा डबा मागे सरकवला.) अमेरिकेतला एक शिंगवाला सरडा शत्रू आला की डोळ्यांतून रक्ताची पिचकारी मारतो. आपल्या सह्याद्रीतल्या खवल्या मांजराला दातच नसतात, ते खडे गिळून पोटातच मुंग्या दळतं. आणि धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते, नर एवढ्याशा फटीतून तिला फळं भरवत राहतो, पिल्लं मोठी होईस्तोवर. हे ऐकून अंजना माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघा, आणि तुम्हाला साधी कोथिंबीर आणायला सांगितली तर मेथी आणता." मला त्या धनेशाचा फार राग आला.

तर अशाच एका चहाला मी माझं दुःख तिच्यापुढे मांडलं. ती कप ठेवून जवळजवळ ओरडलीच, "काका, उदमांजर! शंभर टक्के उदमांजर! सॉलिड!" मग तिने समजावलं. हे दिसायला मांजरासारखं, पण जातीने मांजर नव्हे. झाडावर राहतं, अंधार पडताना निघतं, उंबरं, केळी, पपया खातं, बिया लांब लांब नेऊन टाकतं आणि त्यातून रान वाढतं. परदेशात त्याच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची कॉफी करून श्रीमंत लोक पितात. (हे मी टहलरामना बोलून बसलो. आता ते रोज फोन करून विचारतात, "साईं, वो जानवर कॉफी दे रहा है क्या?") आणि त्याच्या शेपटीखाली ग्रंथी असतात, त्या घासून ते आपल्या वाटेवर खूण ठेवतं, आणि त्या खुणेला वास येतो तो सुवासिक तांदूळ शिजल्याचा. एवढंच नव्हे, वाघ झाडावर जो फवारा मारतो, त्यातही बासमतीच्या सुगंधाचंच द्रव्य सापडलंय म्हणे. मी आनंदाने टुणकन उठलो. अंजना शांतपणे कपबशा गोळा करत म्हणाली, "मग वाघ आला होता म्हणून सांगा की. उदमांजरावर कशाला थांबलात?"

शेवटी प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं. संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा घालवून आम्ही तिघं ओट्याखाली बसलो. माझं कंबरडं, अंजनाचा श्वास आणि जिज्ञासाची उत्सुकता, सगळं कसंबसं आवरून. आणि ताई, ते आलं! उंबरावरून आरामात, फांदी न हलवता. काळपट अंग, तोंडावर फडकं बांधल्यासारखा पट्टा, अंगाएवढी लांब शेपूट. खिडकीच्या जाळीवर क्षणभर टेकलं, मागची बाजू घासली आणि पाइपावरून गच्चीकडे गेलं. आणि आला वास! तोच! जिज्ञासाने टाळ्या पिटल्या. माझी सगळी अब्रू एका जनावराच्या शेपटीखाली होती आणि ती तिथून सहीसलामत बाहेर आली म्हणून मला हुंदका आला. मी विजयाने अंजनाकडे पाहिलं. ती पदर झटकत उठली आणि म्हणाली, "अच्छा. म्हणजे एकटे खात नाही, त्यालाही घालता. त्याशिवाय का त्याला वास येतोय?"

या युक्तिवादापुढे विज्ञान थकलं. जिज्ञासा मोबाइलवर कुठलेतरी लेख दाखवायला लागली, तर अंजना म्हणाली, चष्मा सापडत नाही. (तो डोक्यावर होता.) तेव्हापासून मी एकच केलंय, निर्दोषपणाचा कळस गाठलाय. तिच्यासमोर बसून जेवतो. ताट तिला दाखवून उचलतो. स्टेशनबाहेरचा वडापाव पहिल्या झडतीनंतरच रागाने सोडला होता, आता चहातली साखरही सोडली, दिवेलागणीला घरातच थांबायचं नाही म्हणून पालेगावच्या रस्त्याने लांब लांब चालत सुटतो, म्हणजे मी नसतानाही वास येतो हे तिला कळावं. ती म्हणते, आधी शिजवून गेला असाल. परवा तीन महिन्यांची शुगर तपासून घेतली. डॉक्टरांशी अंजनाच बोलली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "थोडी उतरलीय, नाचायला नको." रिपोर्ट तिच्या पर्समध्ये आहे. पण उतरलीय ना? चोरून भात खाणाऱ्याची उतरते का? तूच न्याय कर, आणि राग सोड. भाऊजींना नमस्कार, काळ्या गाईच्या पाठीवर माझा हात.

तुझा (खोटारडा नसलेला)
दिन्या

ता. क. : ताई, माझ्यासाठी तू भात सोडलास, तो आता माझ्याच शब्दाखातर खायला लाग. एवढंच मागणं होतं, बाकी सगळी प्रस्तावना होती.

ता. क. २ : प्रमोद मुंबईला येणार आहे, त्याच्याबरोबर मूठभर नवा आंबेमोहर पाठव. खायला नव्हे! शिजवून खिडकीशी ठेवायचा, आणि उदमांजराचा वास आणि भाताचा वास अंजनाला एकामागून एक हुंगायला लावायचे, एवढाच शास्त्रीय हेतू. प्रयोग झाल्यावर त्या भाताचं काय करायचं ते तेव्हा बघू. (मूठ भाऊजींच्या हाताची असावी.)

ता. क. ३ : पाकीट चिकटवून पेटीत टाकायचं काम अंजनाने आपणहून घेतलंय. मला वाटतं, तिला थोडा पश्चात्ताप होतोय.

*

वन्सं, नमस्कार. हे चालायला गेलेत, तेवढ्यात पाकीट चिकटवण्याआधी चार ओळी.

तो वास कांडेचोराचा, म्हणजे यांच्या त्या उदमांजराचा आहे, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. हे दूध आणायला खाली गेले होते आणि घरात तोच वास. माझ्या माहेरी कोकणात दरवर्षी माळ्यावर असायचा. शिजल्या भाताचा वास आला की आई म्हणायची, केळी झाकून ठेवा. मी यांना सांगणारच होते. पण त्या दिवशी रागारागाने यांनी वडापाव सोडला. वर्षभर मी प्रेमाने सांगत होते, रडून सांगत होते, तेव्हा काही सुटलं नव्हतं. यांच्या काळजीने माझं मन थाऱ्यावर नव्हतं हो. मग मी गप्प राहिले आणि तुम्हाला तो फोन केला, कारण तुमच्यापुढे मान खाली जाणं यांना सर्वांत जास्त लागतं. तुम्हाला फसवलं, माफ करा.

शुगर थोडी नाही, पुष्कळ उतरलीय. डॉक्टरांनी मला विचारलं, काय केलंत? आता काय सांगणार, संशय घेतला म्हणून?

तुमची अट पुरी झाली. हे पत्र मिळेल त्या दिवशी आंबेमोहर टाका आणि सगळ्यांच्या आधी पोटभर जेवा. यांना मात्र कळवू नका. उत्तर 'खोटारड्या' असंच सुरू करा, म्हणजे अजून तीन महिने निघतील.

आणि केळ्यांचं म्हणाल, तर एक केळं रोज संध्याकाळी मीच खिडकीच्या जाळीत अडकवते. तो यायचा थांबला तर माझं कसं व्हायचं?

तुमची
अंजना