नाव सापडलं, औषध नाही

३ मार्च
वर्गात खडू हातातून पडला. दोनदा. मुलं हसली, मीही हसले. उरलेला तास हात टेबलाखाली धरून शिकवलं. धडा कुठला, तर माणसाची प्रगती! लस आली, देवीचा रोग गेला — वीस वर्षं छाती फुगवून सांगतेय.

बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी बोटं. मग चालणं, मग संताप, शेवटी आम्हाला ओळखेनात. गल्लीत म्हणायचे, प्यायला लागलाय. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाबांच्या आजाराला आता नाव आहे. रक्त तपासलं की तो पुढे होणार का, ते आधीच कळतं. औषध? अजून नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांना निम्मी शक्यता. मधली पिढी गाळून पुढे जात नाही. "चाचणी करायची का, ते तुम्ही ठरवा," म्हणाल्या.

रक्त न देताच घरी आले.

७ मार्च
दिवसभर हातांकडे बघत बसले.

११ मार्च
दादाला फोन केला. त्याला काही जाणून घ्यायचं नाही म्हणे, सुखाने दोन घास खाऊ दे. राग आला — आणि हेवाही वाटला. बाबांना ठाऊक नव्हतं म्हणून त्यांनी घर बांधलं, आम्हाला सायकल शिकवली, पुढच्या वर्षाचे बेत केले. आजाराआधीची वर्षं तरी त्यांची होती. माझी आताच गेली. याला पुढे जाणं म्हणायचं?

पण मग ती गल्ली आठवते, बाबांची खाली घातलेली मान आठवते. तेही नको. मागे जाववत नाही, पुढे बघवत नाही.

१५ मार्च
लेकीला फोनवर सांगून टाकलं. लपवायचं होतं, जमलं नाही. ती मग म्हणाली, "तुला नको असेल तर नको करूस, आई. पण आम्हाला मूल हवंय."

मी जावयाच्या नोकरीचं विचारलं. भित्री कुठली!

२ एप्रिल
चाचणी करणार नाही. ठरलं. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२९ एप्रिल
लेक न कळवता आली. तिने स्वतःच रक्त तपासून घेतलं होतं. तिला आहे.

म्हणजे मलाही आहे — हे माझ्या लक्षात आलं, ते ती माझ्या मांडीवर रडून रडून झोपल्यावर.