स्तुती ऐकून हसलेली माणसं

ऑस्टिया बंदर, मार्चची पहिली

चि. औलस यास ताईचे अनेक आशीर्वाद. तू सुखरूप असशील, तर आम्हीही आहोत.

तुझ्या नव्या कवितेनं बंदर डोक्यावर घेतलंय. हमाल पोती उतरवताना तुझ्या ओळी म्हणतात. धान्याधिकारी कोसूशियसचा कुजका गहू मासळीवालीलासुद्धा पाठ झालाय. मी हसले, मग दार लावून घेतलं. गहू कुजलाय हे यांनीच तुला आमच्या अंगणात, द्राक्षाची दारू घेताना सांगितलं होतं. हे त्याच्याच कोठारात कारकून आहेत, हे तुझ्या ध्यानात राहिलं नाही का? काल त्यानं यांना बोलावून विचारलं, की कवी तुमचा मेहुणा का. हे म्हणाले, मेहुणा माझा, पण जीभ त्याची. तू थोडे दिवस गप्प राहा. अंजीर पाठवतेय, खाताना तरी तोंड मिटलेलं राहील.

लोभ आहेच, तो वाढव.
वेटिडिया

रोम, मार्चचा मध्य

ती. ताईस, जिनं माझे कान उपटून मोठं केलं तिला, साष्टांग नमस्कार.

अंजीर संपले, तोंड उघडलं. काळजी करू नकोस. कोसूशियस चिडला, तर कविता खरी ठरेल. एवढी अक्कल त्याला आहे. दाजींचं नाव कुठंच नाही. वीस वर्षं मी सार्वजनिक न्हाणीघरात, जेवणावळींच्या शेवटच्या बाकावर कविता वाचल्या, तेव्हा लोक माशाचे काटे काढत बसायचे. आता उठून टाळ्या वाजवतात. थोडं सुख भोगू दे. दाजींना नमस्कार.

तुझा उनाड औलस

ऑस्टिया, एप्रिलचा आरंभ

चि. औलस यास आशीर्वाद.

यांना धरून नेलं. गहू यांनीच कुजवला, असा आरोप आहे. काल कोसूशियसचा माणूस येऊन बसला. म्हणाला, कवीनं चारचौघांत साहेबांची स्तुती केली, तर तुमचा नवरा गेवियस सुटेल. तू आजवर कुणाचीच स्तुती केली नाहीस, मला ठाऊक आहे. यांच्यासाठी कर. धाकट्या भावापुढे पदर पसरतेय.

वेटिडिया

रोम, धान्यदेवीच्या उत्सवातला तिसरा दिवस

ती. ताईस नमस्कार.

केली गं स्तुती. त्याच्याच दिवाणखान्यात, सगळ्या बड्या लोकांसमोर. त्यात एकही बोचरा शब्द नव्हता. उदार म्हणालो, तर मागं कुणीतरी खुदकन हसलं. प्रामाणिक म्हणालो, तर अख्खी बैठक हसून लोळायला लागली. मी हात जोडून सांगितलं की हे मनापासून आहे, तर म्हातारे डोळे पुसू लागले. त्यांना वाटलं, याहून जहरी मी काही लिहिलंच नाही. कोसूशियस उठून गेला. तेव्हापासून मी त्याच्या दारात बसून आहे. येणारेजाणारे पाठ थोपटतात. ताई, मी खरंच मनापासून लिहिलं होतं.

औलस

ऑस्टिया, जूनचा शेवट

औलस,

हे गेले. शिक्षा म्हणून सार्डिनिया बेटावरच्या खाणीकडे नेताना गलबतावरच ताप चढला. खलाशांनी समुद्रात सोडलं. चितेला देह नाही, नुसता दगड उभा करायचाय.

सकाळी तुला शिव्या देते, संध्याकाळी पुन्हा तुझीच आठवण येते. धक्क्यावर मला क्षणभर भेटू दिलं होतं. हे म्हणाले, औलसला सांग, गव्हाची कविता चांगली होती, मी कोठडीत पहारेकऱ्यांना म्हणून दाखवली. मला तुला हे सांगायचं नव्हतं. पण निरोप यांचा आहे, दाबून कसा ठेवू?

दगडावर दोन ओळी हव्यात. गावात दुसरं कोण लिहिणार?

ताई

रोम, जुलैचा आरंभ

ती. ताईस,

पाथरवटाला एवढंच दे: गेवियस इथं नाही, समुद्रात आहे. त्यानं खरं सांगितलं. दगड बायकोनं उभा केला.

खाली माझं नाव घालू देऊ नकोस. नाव वाचलं, की लोक हसायला लागतील.

माया उरली असेल तर ठेव. नसेल, तरी पत्राला उत्तर दे.

औलस