आरमारप्रमुखांचे दात

४ मार्च
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
इकडे सगळे ठीक. दवाखान्याबरोबर तुम्ही फोनही बंद केलात, म्हणून आई रुसली आहे.

सोबतच्या डबीत तंबाखूचा पाइप आहे. आमच्या संग्रहालयाच्या कोठारात सापडला. संचालकांच्या मते तो दोनशे वर्षांपूर्वीच्या एका आरमारप्रमुखांचा. पुरावा असा, की तैलचित्रात त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं आहे, म्हणजे ते दात लपवत होते, आणि पाइपच्या टोकावर दातांचे व्रण आहेत. मी गप्प बसलो, कारण माझी नोकरी अजून कच्ची आहे. पंधराला प्रदर्शन. त्याआधी पाइप मूळ कुणाचा, याचा दाखला माझ्या सहीने द्यायचा. तो मान्य झाला तर नोकरी पक्की.

चाळीस वर्षं तुम्ही लोकांचे दात पाहिलेत, हेही पाहा. बाबांना बोललो नाही. त्यांनी इथेच तीस वर्षं सुतारकाम केलं, उगाच येऊन बिजागऱ्या तपासत बसतील.
उत्तराची वाट पाहणारा,
लंबू

८ मार्च
चि. लंबूस अनेक आशीर्वाद.
पाइप पोचला. वाटी लहान, जेमतेम करंगळी शिरेल एवढी. तंबाखू महाग होता तेव्हा अशाच करत. तळाशी कारागिराचा शिक्का आहे, तो मी पुस्तकात पडताळला. पाइप दोनशे वर्षांचा, यात शंका नाही.

आता दात. टोक शिंगाचं, म्हणून व्रण स्वच्छ उठलेत. खालचा डावा सुळा तिरपा, मागच्या दाढेच्या भरावाला खाच. ती खाच माझ्या हातून राहिली, कारण रोगी मध्येच खुर्चीतून उठून गेला. तो रोगी म्हणजे तुझे बाबा. मी माणसं विसरतो, दाढ विसरत नाही. त्यांच्या जबड्याचा जुना साचा काढून पाइप त्यात धरला. कुलपात किल्ली बसावी तसा बसला.

पण तुझी आई माझी सख्खी बहीण. बाबांच्या कोटाला येणारा वास रोगणाचा, असं ती समजून आहे. सही जपून कर.
तुझा मामा

१२ मार्च
ती. मामांस सा. न.
बाबांना विचारलं. पहिल्या दिवशी म्हणाले, अशी दाढ कुणाचीही असू शकते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कपाट बनवायचं तर वस्तूचं वजन कळावं लागतं, म्हणून एकदा तोंडात धरला होता. तिसऱ्या दिवशी कबूल झाले, की जेवणाच्या सुट्टीत रोज ओढत. आईला कळू देऊ नकोस, आरमारप्रमुखांच्या नावाने सही कर, म्हणून माझ्या मागे लागलेत.

संचालकांना तुमचं पत्र दाखवलं, तर ते खूश आहेत. बाबांचा जबडा आरमारप्रमुखांसारखा निघाला, म्हणजे आम्ही त्यांचे वंशज, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र खरं तेच लिहिलं: पाइप दोनशे वर्षांचा, दात सुताराचे. उद्या देतो. नोकरीचं काय होईल ते होवो. आईला सांगायचा धीर नाही, तुम्ही लिहाल का?
लंबू

१७ मार्च
ती. दादास सा. न. वि. वि.
तुझं पत्र मिळालं तेव्हा मी प्रदर्शनालाच निघाले होते. पाटीवर लंबूचंच वाक्य होतं. संचालक ती काढवणार होते, पण लोक आरमारप्रमुखांना सोडून तीच वाचत होते. मग त्यांनी लंबूला पक्कं केलं आणि यांना कपाटाशेजारी खुर्ची दिली. अकरा ते पाच बसायचं, कुणी विचारलं की तोंड उघडून दाखवायचं.

मन घट्ट कर, असं तू लिहिलंस. अरे, पाइपचं मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून ठाऊक आहे. रोगणाने कधी खिशाला भोक पडतं का? राग आला तो वेगळाच. तू दाढ भरल्यापासून हे मला सांगत आलेत, की डावीकडून काही चावता येत नाही. बावीस वर्षं मी यांना पावाच्या कडा कापून आणि सफरचंद किसून देते आहे. आणि यांनी शिंग कुरतडलंय ते डावीकडूनच.

काल पावाच्या नुसत्या कडा कडक भाजून पुढ्यात ठेवल्या. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने डावीकडून चावायला लागले. कुरकुर आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. फार बरं वाटलं.

माया आहे तशी ठेव, आणि फोन उचलत जा.
तुझी धाकटी