पिटात पडलेल्याला उचलायचं असतं

१४ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.१०
आज चार वाजून दोन मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. कीर्तीचा मेसेज आला. २३ला, शनिवारी, तिच्या मेटल बँडचा गिग आहे, टोंक रोडच्या एका बेसमेंटमधल्या क्लबात. माझं नाव लिस्टवर टाकलंय. चारलाच ये म्हणते.
गिग सहाला आहे. मला चारला बोलावलंय. मतलब दोन तास आधी. समजणाऱ्याला इशारा पुरतो.
फेब्रुवारीत व्हायवात सर माझ्या उत्तरावर हसले, मी फाईल टेबलावर टाकली, उठलो आणि दार असं आपटलं की काच तडकली. इंजिनीअरिंग संपलं. बाहेर कीर्ती उभी होती. म्हणाली, भारी केलंस. त्या दोन शब्दांवर मी नऊ महिने जगतोय.
संकल्प: २३ला तिला सांगायचंच. तोपर्यंत अजिबात चिडायचं नाही.

४.२५
आईनं विचारलं, चहा आधी घेतोस की रेल्वेचा फॉर्म आधी भरतोस? चिडलो. दार आपटून जिन्यात जाऊन बसलो.
संकल्प उद्यापासून.

१५ नोव्हेंबर
बाबा रेल्वेत, डब्यांच्या दुरुस्तीला. रात्रपाळी करून झोपले होते. डोळे न उघडता म्हणाले, कॉलेजचं दार आपटलंस ते तुझं तू बघ, हे दार सरकारी आहे, चौकट हलायला लागली. आई म्हणाली, शेजारच्या मीराबाई विचारत होत्या, तुमच्याकडे रोज काय फुटतं?
माझं मन फुटतं. ते या क्वार्टरमध्ये कुणाला ऐकू येत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात बँडची प्रॅक्टिस बघायला गेलो. ड्रमरच्या मामांचा तिथे लेथचा कारखाना आहे. रविवारी मशीन बंद, त्यामुळे कितीही आवाज करा. कीर्ती एरवी रिक्षावाल्यालासुद्धा ‘भैया, जरा हळू’ म्हणते. माइक धरला की पोटातून अशी गुरगुरते की टेबलावरचे नटबोल्ट सरकतात. शब्द एक कळत नाही. मला सगळे कळतात. पूर्ण गाणं तिनं माझ्याकडे बघून म्हटलं. (मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा होतो.)
मग अमेय आला, हल्ली कीर्ती असेल तिथे असतोच तो. बँकेत प्रोबेशनवर आहे. रविवारी इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, हातात सगळ्यांसाठी कचोऱ्या. मेटल आणि कचोरी! निषेध म्हणून मी दोनच खाल्ल्या.
त्यानं विचारलं, हे पिट काय असतं? कीर्तीनं प्रेमानं समजावलं: स्टेजपुढे गोल करायचा, एकमेकांना धडका द्यायच्या. मुक्के नाही, लाथा नाही. आणि कुणी पडलं की सगळ्यांनी थांबायचं, पडलेल्याला आधी उचलायचं. हा नियम मोडला तर ती गाणं बंद करते. अमेय मान डोलवत होता, कर्जाच्या अटी ऐकल्यासारखा.
मूर्ख नियम. रागाला कसला नियम?
पण धडक चालते! प्लॅन ठरला. तिसरं गाणं, पिट, अमेय, माझा खांदा. पोलीससुद्धा काही म्हणू शकत नाहीत.

२० नोव्हेंबर
तयारी. पुशअप्स ठरवले चाळीस, झाले सात. फरशी थंड होती.
बाबांचे कामाचे बूट काढून ठेवलेत, पुढे लोखंड असलेले. त्यांचा पाय दहा नंबर, माझा आठ. दोन मोजे घालीन. हा प्रश्न नव्हेच.

२३ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ३
भाषण पाठ. अकरा वाक्यं. सातव्यात आवाज दाटून येतो, आपोआप.
बाहेर पडताना आई म्हणाली, बाबांच्या बुटात चालता तरी येतंय का? उत्तर दिलं नाही. दार दिलं.

४.३५
दारातल्या माणसानं लिस्टवरचं माझं नाव वाचलं: उत्तम, सामान. मी म्हटलं, नीट वाचा. त्यानं मोठ्यानं वाचलं.
चार ड्रम, दोन अँप, बावीस पायऱ्या. वरच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी लग्नाचं संगीत आहे, तिथल्या एका काकूंनी मला सांगितलं, बेटा, दो कुर्सियाँ इधर भी. नेऊन दिल्या. अमेयही बाह्या दुमडून उचलत होता, जागा अडवायला.
कीर्ती धावत आली. म्हणाली, बरं झालं आलास, तू नसतास तर मेलो असतो आम्ही. ‘तू नसतास तर.’ हे वाक्य बाराव्या क्रमांकावर जोडतोय.

रात्री ८.१५
टेम्पोत, अँपवर बसून लिहितोय. अक्षर हलतंय ते टेम्पोमुळे.
तिसरं गाणं सुरू झालं. पिटात तीसेक पोरं, मधोमध अमेय, आयकार्ड खिशात कोंबलेलं. मी पार मागच्या भिंतीपासून धाव घेतली. मी पुढे गेलो. उजवा बूट मागेच राहिला. अमेय चार फुटांवर असताना मी जमिनीवर.
आणि सगळं थांबलं. ड्रम थांबले. कीर्ती त्याच गुरगुरत्या आवाजात माइकवर म्हणाली, थांबा, उत्तम पडला! या वेळी प्रत्येक शब्द स्पष्ट कळला. मला आणि वरच्या संगीतवाल्यांनाही.
सहा-सात हातांनी उचललं. पहिला हात त्याचा. त्यानं बूट शोधून आणला, गुडघ्यावर बसला, माझी नाडी बांधली. दुहेरी गाठ. हळूच म्हणाला, भाऊ, घेताना घालून बघायचे. मला त्याला लाथ मारायची होती, पण पाय त्याच्याच हातात होता.
सामान चढवल्यावर कीर्तीला बाजूला घेतलं. पहिलं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, अरे, माहितीये मला. मी म्हटलं, अजून अकरा आहेत. म्हणाली, उत्तम, जानेवारीत माझा अमेयशी साखरपुडा आहे.
मी म्हटलं, मग तू कॉलेजमध्ये ‘भारी केलंस’ का म्हणालीस?
ती म्हणाली, वेड्या, टोमणा होता तो. पुढे मी म्हणत होते, आता आत जा आणि सरांना सॉरी म्हण, ते घेतील तुला. सर स्वतः बाहेर आले होते तुला शोधायला. तू ऐकायला थांबलास कुठे? पॅसेजचंही दार आपटून गेलास.
मग म्हणाली, साखरपुड्याला ये. सामान नाही उचलायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०
डावा गुडघा सुजलाय. कीर्तीचा मेसेज: पाय कसा आहे, अमेय विचारतोय.
अमेय विचारतोय!!
निर्णय. एक: मेटल सोडलं. दोन: साखरपुड्याला जाणार नाही. तीन: सरांना फोन करणार नाही. नंबर कालच शोधून ठेवलाय, पण करणार नाही. चार: हे घर सोडतोय, कायमचं. दुपारी वरण-बट्टी आहे, तेव्हा जेवायला येईन.
बाबा सकाळपासून बाहेरच्या दाराच्या स्क्रूंशी खटपट करत बसलेत. म्हणाले, जरा पेचकस धर. मी म्हटलं, ज्या घराला मी कळत नाही त्या घराचा पेचकस मी धरत नाही. आईनं धरला.

१०.२०
आईनं फॉर्मची आठवण केली. बास. बाबा हात धुवायला गेलेत, रस्ता मोकळा आहे. डायरी घेतली, चपला घातल्या. जाताना दार असं आपटणार आहे की मीराबाईंच्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं पाहिजे. नऊ महिन्यांचा सगळा राग, एकदाच.

१०.२२, जिन्यात
खांदा लावून आपटलं.
फप्प.
चौकटीला वरपासून खालपर्यंत रबराची पट्टी. आतून बाबा आईला म्हणाले, बघ, छान बसलं.