तुमची सून देवाशी अहिराणीत बोलली

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज कुठे लिहायला बसलोय, रागावू नका. शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि एवढं लिहीपर्यंत दवाखान्याची फाईल जागेवर आहे ना, हे दोनदा उठून पाहिलं. तुमच्या सुनेच्या हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी आहे. पण पत्र त्याचं नाही, रविवारचं आहे. रविवारी आपण जिंकलो, आबा.

आई आजारी पडली तेव्हा आपल्या लिंबायत वस्तीतल्या येशूच्या प्रार्थनेच्या खोलीत तुम्ही पहिल्यांदा गेलात. गावाकडच्यांनी नावं ठेवली, मी नाही ठेवली. आई बरी होणार असेल तर कुणाचाही देव चालेल, असं मला वाटलं. आई गेली. तरी तुम्ही जायचं सोडलं नाही, ते मला सहन होईना. कापडाच्या कारखान्यात लूम चालू असले की ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून आपण सगळे ओठ वाचायला शिकलेलो. रागात मी तेच विसरलो. तुटलेला धागा जोडता जोडता तुमच्या येशूला हिंदीत घाण घाण शिव्या देतोय, आणि मान वर करतो तर समोरच्या ओळीतून तुम्ही बघताय. तुम्ही लूम बंद करून आलात. आता कानाखाली बसणार, या भीतीने मी डोळे मिटले. तुम्ही कानाशी तोंड आणून म्हणालात, “देवले शिव्या देनी व्हई ते आपली बोलीमा दे. हिंदीमा काय देस?”

“तुमना देवले अहिराणी समजस का?” मी विचारलं.

“मी त्यानासंगे दुसरी कोनती बोली बोलस?”

पण खोलीत तुम्ही गप्पच बसायचात, कारण तिथे एकेकाने उभं राहून करायची प्रार्थना गुजरातीत. तुमची खरी प्रार्थना लूमच्या आवाजात चालायची, मी पाहिलीय. तुमच्यामागे सून जात राहिली, तीही गप्पच. आपली पाळी आली की नुसतं आमेन म्हणून खाली बसायची. मी बाहेर चपलांपाशी बसायचो. रविवारी तिला दम लागला, म्हणून धरून आत न्यावं लागलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आत बसलो.

तिची पाळी आली. “देवबाप,” ती म्हणाली आणि अहिराणीत सुरू झाली. पास्टर तरुण आहे, वाईट नाही. सगळ्यांना कळावं म्हणून तो तिला हळूच म्हणाला, “बा, गुजरातीमां बोलो ने, बधाने समजाय.” ती पदर सावरत खाली बसली. ऑपरेशनच्या आधी तिला एकदा मोठ्याने बोलायचं होतं, आणि ती खाली बसली. मी उठलो. “तमने न समजाय तो कंई नहीं. उपरवाळाने समजाय छे के नहीं, ए कहो.”

खोलीत हसू फुटलं. मागून एक म्हातारी ओरडली, “ओ भाऊ, तू ते देवले मानस नई, तू काबर भांडी ऱ्हायना?”

“भांडन मनं शे, तिनं नई!”

पास्टरने मान खाली घातली. मग हात जोडून म्हणाला, “बोलो, बा.”

ती परत उभी राहिली. “देवबाप, मना धनी तुनावर रागे भरेल शे. तू त्यानावर रागे भरू नको. गुरुवारले मी वाचनू नई, ते त्याले एकला सोडू नको.” एवढंच. सगळ्यांचं आमेन भिंतींना लागलं. नंतर ती ओरडणारी म्हातारी उठली आणि अहिराणीतच बोलली, तिच्यामागून आणखी दोघी. आबा, तुम्ही हवे होतात. मी छाती पुढे काढून बसलो होतो, स्वतःच तिथला पास्टर असल्यासारखा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, फाईलमध्ये ठेवतोय. एक गोष्ट मात्र तिलाही सांगितलेली नाही. शेवटी ढोलक वाजायला लागली, कुणालाच काही ऐकू येईना, तेव्हा माझे ओठ हलले. अहिराणीतच हलले, आणि शिवी नव्हती. तुम्हाला दिसलं असेल. त्याने ऐकलं का, तेवढं विचारून कळवा. गुरुवारच्या आत कळवा, आबा.