आठ वर्षं आधीचं पिस्तूल

गोरेगाव, मुंबई
१४ जानेवारी १९९५

ती. तृप्तीताईस,
ललितचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बातमी आधी सांगतो. मला सिनेमात काम मिळालं. पडद्यावर नाही, पडद्यामागे. कलादिग्दर्शक खंडेरावसाहेबांचा मदतनीस म्हणून. चित्रपट हिंदी, पण गोष्ट अमेरिकेतली. १८६५ साली तिथलं यादवी युद्ध संपतं, एक सैनिक घोड्यावरून गावी परततो आणि गावगुंडांशी त्याची गाठ पडते. ही अमेरिका उभी राहणार आपल्या घोटीजवळच्या माळावर, गवत वाळल्यावर.

नायकाचं पिस्तूल लाकडाचं हवं, हुबेहूब. मी छाती ठोकून सांगितलं, की माझी बहीण नाशिकला चित्रकला शिकवते आणि लाकडातही तिचा हात चांगला आहे. सोबत मासिकातला फोटो पाठवतोय. फक्त आहे तसंच कर. कॅलेंडरवरच्या घोड्याचे पाय चुकलेत म्हणून तू दुकानदाराशी भांडली होतीस, हे मी साहेबांना सांगितलेलं नाही.

आईला जयभीम. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
ललित


नाशिक
२ फेब्रुवारी १९९५

चि. ललित,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिने कॉलनीभर सांगून टाकलंय, तेव्हा आता काम सोडायची सोय राहिली नाही.

आता पिस्तूल. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील देवळाली कॅम्पात लष्करात आहेत. त्यांच्याकडून शस्त्रांवरचा एक जाडजूड ग्रंथ आणला. तुझ्या फोटोतलं रिव्हॉल्व्हर १८७३ सालचं आहे. तुझा सैनिक १८६५ मध्ये घरी निघालाय. म्हणजे जे जन्मायला अजून आठ वर्षं आहेत, ते याच्या कमरेला लटकतंय. हॉलिवूडवालेही सर्रास अशी गडबड करतात म्हणे. करू देत.

त्या काळी तयार काडतुसांची रिव्हॉल्व्हरं नुकती कुठे येऊ लागली होती. सैनिकाकडे असायचं ते वेगळं: फिरत्या चकतीतल्या प्रत्येक घरात आधी बंदुकीची दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने ती दाबायची, मग दिवाळीच्या टिकलीएवढी तांब्याची टोपी बसवायची. अशी सगळी घरं भरायची. धावत्या घोड्यावर हे होणार नाही.

आपल्या ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं, तर आपण हसतो ना? मग दुसऱ्यांच्या इतिहासात आपण तेच का करायचं? मी १८७३चं करणार नाही. बरोबर असलेलं करीन. आराखडा सोबत आहे. साहेबांना दाखव.

खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस.

तुझी,
तृप्तीताई


गोरेगाव
१९ फेब्रुवारी १९९५

ती. ताईस,
जयभीम.

दाखवला. सगळे हसले. दिग्दर्शक म्हणाले, की प्रेक्षक गोळ्या मोजतो, साल मोजत नाही. आणि गोळ्या भरत बसला तर नायक मरेल की. खंडेरावसाहेबांनी बाहेर नेऊन सुनावलं, की पिस्तूल वेळेत आलं नाही तर माझ्या जागी दुसरा येईल.

ताई, मी इथे चार मुलांबरोबर एका खोलीत राहतो ते याच कामासाठी. तुला शाळा आहे, पगार आहे; हट्ट परवडतो. मला नाही. फोटोतलं करून पाठव, हात जोडतो.

आणि राग आलाय म्हणून लिहीत नाही, पण तुझ्या आराखड्यात चूक आहे. टोप्या तू फिरत्या चकतीच्या पुढच्या बाजूला काढल्यास. त्या मागे हव्यात, चाप ओढल्यावर पिस्तुलाचा घोडा आपटतो तिथे. मी फोर्टात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात खरं पिस्तूल पाहून आलो.

कळावे.
ललित


नाशिक
२६ फेब्रुवारी १९९५

चि. ललित,
आशीर्वाद.

टोप्यांचं तुझं बरोबर. दुरुस्त केलं. पण नोकरी जाईल या भीतीतही तू फोर्टात खरं पिस्तूल शोधत फिरलास, ते कोणासाठी रे?

सायखेड्याचे फकिरा मिस्त्री चकती कातून देतायत. त्यांचं म्हणणं, गोळी भरतानाची हालचाल दिसायची असेल तर घरं पोकळ हवीत. नुसती रंगवून लय खोटी दिसतील. म्हणून शिसवी लाकडातली घरं आतून कोरतोय.

तू हात जोडू नकोस. तुमचं युनिट घोटीला आलं की मी पिस्तूल घेऊन येते. हा हट्ट माझा आहे, तुझा नाही, हे साहेबांना मी समोर सांगेन. त्यांना नकोच असेल तर त्यांनी दुसरीकडून करून घ्यावं. पण चुकीचं माझ्या हातून होणार नाही.

आई तुझ्यासाठी कुरडया पाठवतेय. आमच्यावर रागावून त्या परत करू नयेस.

तृप्तीताई


घोटी
२३ एप्रिल १९९५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू पिस्तूल घेऊन आलीस त्या दिवशी साहेबांचं उत्तर न ऐकताच एस.टी. गाठलीस, म्हणून सविस्तर लिहितो.

तू नायकाला खडकाआड बसवलंस, दारू म्हणून रांगोळीची पूड दिलीस आणि भर म्हणालीस, तेव्हा मी घामाघूम झालो होतो. त्याच्या हातून पहिली टोपी मातीत पडली. तो चाचपडून शोधू लागला आणि सगळं युनिट हातातलं काम टाकून बघू लागलं. चहावालासुद्धा.  तू गेल्यावर दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "हा मरेल, असं मला पहिल्यांदा वाटलं."

धावत्या घोड्यावरून गोळ्या झाडण्याचा प्रसंग त्यांनी काढून टाकला. काल नवा चित्रित झाला. पिस्तूल रिकामं, गुंडांच्या पावलांचा आवाज जवळ येतोय आणि हा कसंबसं एकच घर भरू शकतो. 

खंडेरावसाहेब मात्र माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी मला सेटच्या रंगकामावर टाकलंय. काम राहिलं, पण मर्जी गेली. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. तरी काल कॅमेऱ्याजवळ उभा होतो तेव्हा वाटलं, मुंबईला आलो ते यासाठीच.

एक खटकतं. नायकाचं तेवढं १८६५चं. गुंडांच्या कमरेला अजून भाड्याची १८७३चीच पिस्तुलं आहेत. त्यांचं चित्रण पुढच्या महिन्यात आहे. मी कोणाला काही बोललेलो नाही.

लोभ असू दे.
ललित


नाशिक
२७ एप्रिल १९९५

चि. ललित,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

बोल. या वेळी खंडेरावसाहेबांशी तूच बोलायचं, आणि नीट बोलायचं. ते रागावले तरी काम त्यांच्याकडूनच शिकायचं आहे.

गुंड किती आणि डावखुरा कोण, ते कळव. उन्हाळ्याची सुट्टी लागलीय. फकिरा मिस्त्रींना मी शिसवी लाकूड आणायला सांगितलं आहे.

तृप्तीताई